बाबांची वही आणि बोमाँटची बेब: आग्नेय टेक्सासमधले तीन दिवस

बाबांकडे एक जुनी, कापडी पुठ्ठ्याची वही आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक असताना त्यांनी ऑलिंपिकमधले विक्रम तिच्यात स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतले होते आणि भाला किंवा थाळी शिकवताना मुलींना ते आकडे वाचून दाखवण्याची त्यांना सवय होती. त्या वहीत १९३२ च्या पानावर ‘डिड्रिक्सन, अमेरिका’ हे नाव दोनदा येते: ८० मीटर अडथळे, ११.७ सेकंद, भालाफेक, ४३.६९ मीटर. यंदा एप्रिलमध्ये ते ह्यूस्टनला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा ही डिड्रिक्सन येथून दीड तासावरच्या बोमाँट गावात वाढली आणि पुढे तिने गोल्फमध्ये मोठे नाव कमावले, असे मी त्यांना सहज बोलता बोलता सांगितले. बोमाँट ऐकून ते खुर्चीत सरसावून बसले, गोल्फचे नाव निघताच मात्र “तो साहेबांचा खेळ, त्यात घाम कुठे येतो?” एवढेच म्हणाले. त्यांना पाहायची होती ती ऑलिंपिकची धावपटू आणि मला दाखवायची होती ती गोल्फपटू, अशा दोन वेगळ्या हेतूंनी आम्ही बापलेक एका शुक्रवारी सकाळी निघालो.

पहिला दिवस: ह्यूस्टन ते पोर्ट आर्थर

महामार्गाला लागण्यापूर्वी मी गाडी मुद्दाम रिव्हर ओक्सच्या बाजूने घेतली. तेथील कंट्री क्लब खासगी असल्यामुळे सभासदाच्या ओळखीशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे ओक वृक्षांच्या सावलीतून जाणारा रस्ता आणि फाटक एवढेच आमच्या वाट्याला आले. एप्रिल १९३५ मध्ये याच मैदानावर मिल्ड्रेड ‘बेब’ डिड्रिक्सन टेक्सासच्या महिलांची हौशी स्पर्धा जिंकली. अंतिम सामना पेगी चँडलर यांच्याशी ३६ होलचा, म्हणजे चेंडू छत्तीस वेळा खळग्यात घालण्याचा होता आणि तो तिने अगदी शेवटी हातातून निसटू दिला नाही. त्या काळी गोल्फ खेळणाऱ्या बायका सधन घरातल्या असत आणि ट्रक ड्रायव्हरांच्या मुली आपल्या स्पर्धेत नकोत, असा टोमणा तेव्हा तिच्या कानावर आला होता असे सांगतात. बेबचे वडील ट्रक ड्रायव्हर नव्हते, ते नॉर्वेहून आलेले जहाजावरचे सुतार होते. पण टोमणा मारणाऱ्यांना असल्या तपशिलाशी काय घेणे असणार!

त्या विजयानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तिला व्यावसायिक ठरवून हौशी स्पर्धांतून बाहेर काढले, कारण बास्केटबॉल, बेसबॉल आणि रंगमंचावरचे कार्यक्रम यांतून तिने पैसे मिळवले होते. त्याआधी १९३२ च्या अखेरीस एका मोटारीच्या जाहिरातीत तिचे चित्र झळकले म्हणून अ‍ॅथलेटिक्सच्या संघटनेनेही तिच्यावर बंदी घातली होती. हे सारे ऐकून बाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, “म्हणजे ती हरली असती तर हौशी राहिली असती?” नियमाच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, पण मला ते तोंडावर देववले नाही.

पोर्ट आर्थर जवळ आले की आधी वास येतो. तेलशुद्धीकरणाचे कारखाने रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. नळ्यांचे जाळे, पांढऱ्या टाक्या आणि भर दुपारीही पेटलेल्या ज्वाला पाहून बाबांना चेंबूरची आठवण झाली. बेबचा जन्म याच गावातला, २६ जून १९११ चा. ती स्वतः मात्र वय विचारले की दोन-चार वर्षे कमी करूनच सांगत असे. १९१५ च्या वादळात गाव पाण्याखाली गेले आणि त्यानंतर डिड्रिक्सन कुटुंबाने सात मुलांसह बोमाँटला बिऱ्हाड हलवले. येथील ‘म्युझियम ऑफ द गल्फ कोस्ट’ पाहण्याजोगे आहे. याच गावची गायिका जॅनिस जॉप्लिन हिच्या रंगवलेल्या पोर्श मोटारीची प्रतिकृती तेथे असल्यामुळे बहुतेक लोक तिच्याभोवती रेंगाळतात, त्यामुळे खेळाडूंच्या दालनात आम्ही जवळजवळ दोघेच होतो.

जेवायला एका व्हिएतनामी घरगुती खानावळीत गेलो. सायगाव पडल्यावर १९७५ नंतर येथे आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी कोळंबीच्या होड्या धरल्या आणि आता त्यांच्या हातची चव गावाची चव होऊन बसली आहे. एप्रिल हा क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या कवचाच्या जीवाचा हंगाम. लसूण, लोणी आणि लाल मसाल्यात उकडलेला ढीग कागदावर ओतून समोर येतो. डोके पिरगळून वेगळे करायचे, शेपटीचे कवच सोलायचे आणि हात कोपरापर्यंत माखले तरी लाजायचे नाही. बाबांनी पहिला घास घेताच निकाल दिला: “आपल्या ओढ्यातले खेकडे आहेत हे, फक्त अंग धरलेलं नाही.” मालकीणबाईंनी तिखट चालेल का असे दोनदा विचारले होते, बाबांनी वरून आणखी मिरची मागितली, तेव्हा त्या आतून स्वतःच्या घरची चटणी घेऊन आल्या. जाणाऱ्यांसाठी सांगते, भाव पौंडावर असतो, वजनात कवचच अधिक असते, म्हणून दोघांना चार पौंड मागवताना भिऊ नये.

दुसरा दिवस: बोमाँट

हॉटेलने आरक्षणात एकाच पलंगाची खोली दिली होती. रात्री अकराला ती बदलून घेण्यात थोडी झोप गेली, बाकी तक्रार नाही. सकाळी उठलो तेव्हा हवा इतकी दमट होती की चष्म्याच्या काचा बाहेर पडताक्षणी धुरकटल्या.

बेब डिड्रिक्सन झहारियस संग्रहालय हे महामार्ग क्रमांक १० ला लागूनच, तिच्याच नावाच्या बागेत आहे. १९७६ साली उघडलेली ही गोलाकार इमारत बाहेरून पाहिली तर एखाद्या लहान ग्रंथालयासारखी वाटते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शहराचे पर्यटन माहिती केंद्रही तेथेच असल्यामुळे नकाशे आणि सल्ला दोन्ही मिळतात. सणावाराच्या दिवशी जायचे असेल तर आधी फोन करून वेळ विचारून घ्यावी. आत फार तर तासाभराचे पाहणे आहे. आम्हाला साडेतीन तास लागले.

सुरुवातीचा तास बाबांचा होता. टेबलामागे बसलेल्या वयस्कर बाईंना त्यांनी आपली वही दाखवली. मराठी अक्षरांतला एकही शब्द त्यांना कळणे शक्य नव्हते, पण आकडे मी बोटाने दाखवताच त्या उठून आमच्यासोबत फिरू लागल्या. १६ जुलै १९३२ रोजी इलिनॉयमधील इव्हॅन्स्टन येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेची हकिकत त्यांनी सांगितली आणि मी बाबांना मराठीत करून दिली. डॅलसच्या ज्या विमा कंपनीत बेब कारकून म्हणून नोकरीला होती, त्या कंपनीने तेथे एका खेळाडूचा संघ पाठवला होता आणि ती खेळाडू म्हणजे बेब. एका दुपारी ती आठ प्रकारांत उतरली, पाच जिंकली, सहाव्यात बरोबरीने पहिली आली आणि एकटीने ३० गुण मिळवून तिने सांघिक विजेतेपद घेतले. दुसऱ्या आलेल्या संघात २२ मुली होत्या आणि त्यांचे गुण झाले २२. बाबांनी हे आकडे दोनदा विचारून घेतले. “आमच्या तालुका स्पर्धेत असं झालं असतं तर हरकतीचे अर्ज पडले असते,” ते म्हणाले.

लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये त्या वेळी एका महिलेला तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेता येत असे. भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत यांत बेबला सुवर्ण मिळाले. उंच उडीत तिने आणि जीन शायली हिने सारखीच उंची पार केली, पण बेबचे डोके अंगाच्या आधी दांडीपलीकडे जाते, म्हणजे ती उडी नसून सूर आहे, असे ठरवून पंचांनी तिला रौप्य दिले. पदकांच्या काचेपुढे उभे राहून बाबांनी स्वतःच्या सत्तर वर्षांच्या अंगाने ती उडी जमेल तेवढी करून दाखवली आणि असा नियम त्या काळी होता, पुढे तो गेला, हे त्या बाईंना हातवाऱ्यांनी समजावले. त्या दिवशी भाला तिच्या हातातून निसटल्यासारखा सुटून सपाट गेला होता, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. मला नव्हते.

मग आम्ही गोल्फच्या बाजूला वळलो आणि बाबांच्या लक्षात आले की दालनाचा मोठा भाग याच बाजूला आहे. ऑलिंपिकचा सारा पराक्रम त्या एका उन्हाळ्यातला, तर गोल्फ वीस वर्षांचे. मला वाटते, बेबच्या कारकिर्दीची किल्ली येथेच आहे. जगातली सर्वांत नावाजलेली महिला खेळाडू ठरल्यानंतरही १९३३ साली तिला पोटापाण्याचा मार्ग नव्हता. धावून किंवा भाला फेकून कोणत्याही बाईला तेव्हा पैसे मिळत नव्हते. तिने हार्मोनिका वाजवून रंगमंचावर कार्यक्रम केले, दाढीवाल्या पुरुषांच्या फिरत्या बेसबॉल संघातून चेंडू टाकले आणि हाताला फोड येऊन रक्त निघेपर्यंत गोल्फचे फटके मारले. गोल्फ हा तिला आवडलेला खेळ होताच, पण वय वाढले तरी खेळता येईल आणि आज ना उद्या पैसे देईल असा तो एकच खेळ तिच्यापुढे होता.

१९३८ च्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेत, तिच्या जोडीला जॉर्ज झहारियस नावाचा कुस्तीगीर आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. हे ऐकून बाबा प्रथमच खुलले: “कुस्तीगीर? मग ठीक आहे!” हौशी दर्जा परत मिळवण्यासाठी तीन वर्षे कुठलेही पैसे न घेता थांबण्याची अट तिने पाळली आणि १९४३ मध्ये तो मिळवला. १९४५ साली पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरची चाळणी पार करून ती पुढे खेळली. स्पर्धांच्या त्या मालिकेत हे आजवर दुसऱ्या कोणत्याही स्त्रीला जमलेले नाही. १९४६ मध्ये ती अमेरिकेची हौशी विजेती झाली आणि १९४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या गलन येथे ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकणारी पहिली अमेरिकन महिला ठरली. परतल्यावर डेन्व्हर शहराने, जेथे ती तेव्हा राहत होती, तिला एक अवाढव्य किल्ली दिली. ती किल्ली येथे आहे. बाबा शेजारी उभे राहिले तर किल्लीच उंच वाटते आणि आमच्या अख्ख्या सहलीतले सर्वांत चांगले छायाचित्र तेच आले.

त्याच वर्षी ती पुन्हा, या वेळी आपखुशीने, व्यावसायिक झाली. पण व्यावसायिक म्हणून खेळायला महिलांच्या स्पर्धा होत्या किती? म्हणून १९५० साली तेरा जणींनी मिळून महिलांची व्यावसायिक गोल्फ संघटना, म्हणजे आजची एलपीजीए, उभी केली. पॅटी बर्ग पहिल्या अध्यक्ष होत्या, लुईस सग्ज होत्या आणि बेब होती. या बायका स्वतःच्या मोटारी चालवत गावोगाव जात, मैदान आखत, गुण मोजत आणि पुन्हा खेळतही. प्रेक्षक येत ते मात्र मुख्यत्वे बेबला पाहायला. कपडे बदलण्याच्या खोलीत शिरताच “बेब आली आहे, दुसरा नंबर कोणाचा?” असे ती मोठ्याने विचारी अशी आख्यायिका आहे. सहकाऱ्यांपैकी अनेकींना ती सोसवत नसे, विशेषतः सग्ज यांना, आणि मला त्यात सग्ज यांची बाजूही पटते. अशी माणसे दुरून पाहायला बरी. पण तिच्याशिवाय तिकिटे खपली नसती, हेही त्या सर्व जणी जाणून होत्या. १९५० मध्ये त्या काळच्या तिन्ही प्रमुख स्पर्धा तिने जिंकल्या. एकूण प्रमुख विजेतेपदे १०.

दुपारी वीज कडाडू लागली. पाऊस ओसरल्यावर डूसेट रस्त्यावर गेलो, जेथे ती लहानाची मोठी झाली. साधी एकमजली घरे, तारेची कुंपणे, दूरवर कारखान्याची धुराडी आणि एका ओट्यावर झोपलेले कुत्रे. धाकट्या बेबला वाणसामान आणायला पाठवले की ती रस्त्याने न जाता शेजाऱ्यांच्या अंगणांतली झुडपांची कुंपणे ओलांडत धावत असे. ती कुंपणे दोन-दोन फूट रुंद असल्यामुळे पुढचा पाय सरळ ठेवला तर खरचटे, म्हणून ती गुडघ्यात वाकवी, आणि पुढे अडथळ्यांच्या शर्यतीतही तिची तीच ढब राहिली. हे मी वाचून दाखवताच बाबा गाडीतून उतरले, ओल्या पदपथावर उभे राहून त्यांनी डावा पाय तसा वाकवून पाहिला आणि म्हणाले, “आम्ही हे चुकीचं म्हणून सोडवून घेतलं असतं.” नंतर ते बराच वेळ बोलले नाहीत.

संध्याकाळी फॉरेस्ट लॉन दफनभूमीत गेलो. बोमाँटमध्ये येऊन येथे न थांबणे बरे नव्हे. सोबत फुले नव्हती. कोणीतरी तिच्या कबरीवर गोल्फचा एक चेंडू ठेवला होता, पावसाने धुतलेला.

तिसरा दिवस: बोलिव्हर आणि गॅल्व्हस्टन

नकाशावर समुद्राला लागून पोर्ट आर्थरकडून येणारा ८७ क्रमांकाचा रस्ता दिसतो, त्यावर विसंबून राहू नये. सेबाइन पास आणि हाय आयलंड यांच्यामधला त्याचा भाग वादळांनी खाऊन टाकला असून कित्येक वर्षे बंद आहे. बोमाँटहून विनीमार्गे हाय आयलंडला यावे आणि तेथून किनाऱ्याने बोलिव्हर द्वीपकल्पावर जावे. एप्रिलमध्ये आखात ओलांडून दमून आलेले लहान पक्षी हाय आयलंडच्या झाडांवर उतरतात, त्यामुळे दुर्बिणी गळ्यात घातलेल्या माणसांची तेथे दाटी असते. डासांचे औषध बरोबर ठेवावे. आम्ही विसरलो होतो.

बोलिव्हरच्या वाळूवर गाडी नेता येते, त्यासाठीचा परवाना जवळच्या दुकानात अल्प पैशांत मिळतो. परवाना मी घेतला, पण घट्ट वाळू सोडून मऊ वाळूत शिरू नये हे शहाणपण घेतले नाही. पाच मिनिटांत मागची चाके अर्धी रुतली. मी हाताने वाळू उपसत होते, बाबा मास्तरांच्या थाटात सूचना देत होते आणि शेवटी मासे पकडायला आलेल्या एका माणसाने आपल्या पिकअपला दोर बांधून आम्हाला ओढून काढले. पैसे घेतले नाहीत. बाबांनी दिलेली शेंगदाण्याची चिक्की मात्र तिथेच फोडून खाल्ली.

तेथेच, गुडघ्यापर्यंत वाळूने माखलेली असताना, मी बाबांना उरलेली गोष्ट सांगितली. एप्रिल १९५३ मध्ये बोमाँटमध्ये तिच्याच नावाने भरलेली स्पर्धा बेबने एका फटक्याने जिंकली आणि लगेच झालेल्या तपासणीत आतड्याचा कर्करोग निघाला. १७ एप्रिलला तेथील हॉटेल द्यू रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन मलविसर्जनाची वाट पोटावर काढावी लागली. रोग ग्रंथींत पसरल्याचे डॉक्टरांनी जॉर्जला आणि तिची तरुण मैत्रीण, गोल्फपटू बेटी डॉड हिला सांगितले. बेबला सांगितले नाही. तिने खाटेजवळ गोल्फच्या काठ्या ठेवायला लावल्या होत्या. साडेतीन महिन्यांत ती शिकागोच्या स्पर्धेत उतरली. जुलै १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम कंट्री क्लबवर, पोटाला पिशवी लावून, शेवटच्या दिवशी ३६ होल चालत, तिने अमेरिकन ओपन तिसऱ्यांदा जिंकली: २९१ फटके, दुसरीपेक्षा १२ ने कमी, बक्षीस २,००० डॉलर. आजार लपवण्याचा तो काळ होता. कर्करोग हा शब्दसुद्धा लोक कुजबुजत बोलत. तिने तो उघडपणे उच्चारला आणि पुढे त्याच्या उपचारांसाठी स्वतःच्या नावाने निधी काढला. माझ्या मते तिच्या साऱ्या पदकांपेक्षा हे काम मोठे आहे. पुढच्या वर्षी टेक्सासच्याच किनाऱ्यावर वाळूत रुतलेली मोटार काढताना तिची पाठ दुखावली आणि पाठीच्या तपासण्यांत आजार परतल्याचे उघड झाले.

“वाळूत रुतलेली?” बाबांनी विचारले आणि आमच्या गाडीच्या चाकांकडे पाहिले.

बोलिव्हरहून गॅल्व्हस्टनला नेणारी बोट सरकारी आणि विनामूल्य आहे. वीसेक मिनिटांचा प्रवास, पण रविवारी दुपारनंतर परतणाऱ्यांची रांग तासाभराची होते, म्हणून सकाळी अकराच्या आत पोहोचावे. डोक्यावर सीगल, बोटीच्या बाजूला दोन डॉल्फिन आणि वाऱ्याने उडणारी बाबांची टोपी. जॉन सीली रुग्णालयाच्या परिसरात आम्ही बाहेरूनच फेरी मारली. बेब तेथे २७ सप्टेंबर १९५६ च्या पहाटे गेली, ४५ वर्षांची होऊन; त्या दिवशी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पत्रकार परिषदेत आधी तिला श्रद्धांजली वाहिली. त्याच्या आदल्या नाताळात, फोर्ट वर्थला मित्रांकडे असताना, तिने रात्रीच्या कपड्यांतच गोल्फच्या मैदानावर नेण्याचा हट्ट धरला होता आणि गाडीतून उतरून ग्रीनवरच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून नुसता हात फिरवला होता. जन्म, बालपण, पहिला मोठा विजय, शस्त्रक्रिया, मृत्यू आणि कबर हे सारे आम्ही तीन दिवसांत गाडीने फिरून येऊ शकलो एवढ्याच पट्ट्यात आहे, हे मला तेथे उभी असताना उमगले.

परतीच्या वाटेवर, ह्यूस्टन पंधरा मैल राहिले असताना, बाबांनी सरावाच्या एका सार्वजनिक मैदानाची पाटी पाहून गाडी थांबवायला सांगितली. तेथे बादलीभर चेंडू आणि भाड्याची काठी थोडक्या पैशांत मिळते, कोणतीही ओळख लागत नाही. पहिले तीन फटके हवेत गेले. चौथ्याला चेंडूऐवजी गवत उडाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर दुमडल्या. बाविसाव्या की तेविसाव्या फटक्याला चेंडू घरंगळत पन्नास यार्डांच्या पाटीच्या अलीकडे जाऊन थांबला. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला, डोळे बारीक करून अंतराचा अंदाज घेतला आणि म्हणाले, “भाला याच्या पुढे गेला होता.” मग त्यांनी मला आणखी एक बादली आणायला पाठवले.